आठ व्हॉल्व्ह, एक डावा हात

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा गाडीच्या इंजिनचं हेड आमच्या व्हरांड्यात, मुलीच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर होतं. हेड म्हणजे इंजिनचा वरचा अवजड लोखंडी भाग. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांतच ह्यांनी तो उतरवून ठेवला होता. पुढच्याच महिन्यात एका सकाळी दाढी करताना डाव्या हातातला पाण्याचा मग खाली पडला आणि तो उचलायला वाकलेले हे पुन्हा उठलेच नाहीत. अठरा दिवस हॉस्पिटल झालं. घरी आले ते डावा पाय ओढत का होईना, चालत आले, जिभेला काही झालं नव्हतं, पण डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, जे काही परत यायचं ते वर्षभरात येईल, पुढची फार आशा धरू नका.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. इंग्लंडमध्ये बनलेली, दोन सीटांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. आम्ही दिल्लीत रामकृष्णपुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा एका दूतावासातला अधिकारी मायदेशी परत जाताना ती ह्यांना विकून गेला. मंत्रालयातले बाकी सगळे स्कूटरवाले नाहीतर बसवाले, आणि आमचे हे रविवारी टप उघडून इंडिया गेटला चकरा मारणार. मुलगी माझ्या मांडीवर आणि डब्याची पिशवी मुलीच्या मांडीवर. माझ्या बहिणी त्या गाडीला माझी सवत म्हणायच्या. मी म्हणायची, सवत निदान पोळ्या लाटायला तरी येते. ह्यांनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तरी फरीदाबादला घर बांधून आम्ही राहायला आलो तोवर तिचा दम संपला होता. जरा चढ लागला की धापा टाकायची आणि मागे निळा धूर. निवृत्तीनंतर इंजिन स्वतःच्या हाताने उघडून नीट करायचं आणि सूरजकुंडच्या रस्त्याला स्वतः चालवत न्यायचं, हे ह्यांनी दहा वर्षं घोकून ठेवलं होतं.

आपल्याकडे गियर टाकायला डावा हात लागतो. तोच गेला. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. तिने एक गुळगुळीत लाकडी दांडी दिली होती, ती दोन तळहातांत धरून पुढेमागे फिरवायची. ह्यांनी दोन दिवस फिरवली. तिसऱ्या दिवशी दांडी कपाटाखाली सापडली. "मी काय लहान मूल आहे का, खुळखुळा द्यायला?" मदत तर कशालाच नको. शर्टाची बटणं लावायला पाऊण तास लागायचा, मी पुढे झाले की "राहू दे, येतं मला." मुळातच नाकावर माशी न बसू देणारा माणूस. पोळीचा तुकडा एका हाताने तुटेना म्हणून मी परस्पर पोळी कुस्करून दुधात घातली, तर ताट तसंच ठेवून उठले. मीही काही शांत बाई नाही. त्या हिवाळ्यात आमच्या भांडणांनी शेजारच्यांना बरंच मराठी शिकवलं असणार.

एप्रिलमध्ये गाडीचं काम करणारे मिस्त्रीजी हेड न्यायला आले. तीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात काढून आता त्यांनी स्वतःचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. हेडमधले आठ व्हॉल्व्ह त्यांनी मला दाखवले. दिसायला लांब दांड्याच्या अळंबीसारखे. प्रत्येकाची स्वतःची बैठक असते, तिच्यावर तो इतका घट्ट बसला पाहिजे की वारासुद्धा निसटता कामा नये. तो निसटत होता म्हणून गाडी धापा टाकत होती. मधे खरखरीत पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर घासायचा, दोघांवर राखी रंगाचं सलग कडं उमटेपर्यंत. घासायचं कसं ते दाखवायला त्यांनी रबरी टोपीची एक काठी व्हॉल्व्हला चिकटवली आणि दोन तळहातांत धरून पुढेमागे फिरवली. ताक घुसळतात तशी.

मी बघतच राहिले. फिजिओवाल्या मुलीची दांडी आणि ही काठी, हातांची हालचाल हुबेहूब तीच.

गेटपर्यंत सोडायला गेले तेव्हा मी मिस्त्रीजींना म्हटलं, "ये काम इनको करने दीजिए."

"भाभीजी, मेरे यहाँ मशीन पे एक दिन का काम है. साहब को तो महीनों लगेंगे."

"महीने ही चाहिए."

त्यांनी व्हरांड्याकडे एकदा वळून पाहिलं, ह्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि हेड न घेताच गेले. काठी आणि पेस्टचा डबा तेवढा मागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी हे टेबलाशी बसलेले. उजवा हात डाव्या हाताला ओढत होता, डावा घसरायचा, काठी पडायची, पुन्हा उचलायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि माझेच दात आवळले जायचे. रोज तासभर. पहिल्या व्हॉल्व्हला अकरा दिवस लागले, दुसऱ्याला दहा. पण बसत होते, न सांगता बसत होते, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मग मेमध्ये डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, फारसा फरक नाही. निम्मं वर्ष गेलं होतं. त्या दिवशी परत येताना टॅक्सीत हे खिडकीबाहेर बघत राहिले. त्याच दुपारी, हे मागच्या खोलीत झोपले आणि कूलरची घरघर सुरू झाली तेव्हा, मी जाऊन टेबलाशी बसले. तिसरा व्हॉल्व्ह चालू होता. वीसेक मिनिटं घासला, पेस्ट पुसली, काठी होती तशी तिरकी ठेवली. थोडासाच हातभार, म्हटलं. माणसाला जरा उभारी येईल.

तिसरा पाच दिवसांत झाला. चौथा चार दिवसांत.

ह्यांची उभारी काय सांगू! मुलगी बंगलोरला असते, तिला फोन लावला. "अगं, अकरावरून चारवर आलो!" पलीकडून ती ओरडली, "बाबा, बिल्कुल सॉलिड यार!" दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. फिजिओवाल्या मुलीने पकड मोजायचं यंत्र लावलं तर काटा होता तिथेच. ती गोंधळली. हे हसून म्हणाले, "बेटा, तुम्हारी मशीन खराब है." मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण तेव्हाच बोलायला हवं होतं आणि मी पाचवा व्हॉल्व्ह घासायला घेतला.

आणि मग तो चहा. मी बागेला पाणी घालत होते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ ह्यांचा. धावत गेले तर स्वयंपाकघरात खाली पातेलं, आणि पोटापासून गुडघ्यापर्यंत उकळता चहा. ओट्यावर दोन कप मांडलेले. पातेलं डाव्या हाताने उचललं होतं.

"तुला आणून देणार होतो," हे म्हणाले.

मी ह्यांना मोरीत बसवून गार पाणी ओतत राहिले. मांडी लालभडक झाली होती. ओतता ओतताच मी सांगून टाकलं, "तिसरा आणि चौथा मी घासलाय. दुपारी. तुम्ही झोपलात की."

मी पुढचा तांब्या भरला.

"आणि पाचवा?"

"निम्मा."

रागावतील, ओरडतील, मग भांडू, असं मला वाटलं होतं. ह्यांनी मान हलवली. मलम लावून झाल्यावर म्हणाले, "थँक यू."

एवढ्या वर्षांच्या संसारात मला ह्यांनी कधी थँक यू म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून उठता बसता म्हणायला लागले. पाणी दिलं, थँक यू. औषध दिलं, थँक यू. बटणं लावायला पुढे झाले तर आता "राहू दे" नाही, गुपचूप उभे राहायचे, परक्याच्या घरी उभं राहावं तसे. मला ते सहन होईना. वर्गात चाळीस पोरांना गणित शिकवलेली बाई मी, मला आरडाओरडा चालतो. ही सभ्यता जीव घेत होती. टेबलाकडे तर हे फिरकेनात. व्हॉल्व्हवर धूळ बसली.

माफी मागून झाली होती, तिचा काही उपयोग नव्हता. काहीतरी करायचं म्हणून मी जुनं गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्लीला करोल बागेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. हेड आणि इंजिन ह्यांच्या मधे बसतो तो पातळ पत्रा, म्हणजे गॅस्केट, नवा लागणारच होता. मेट्रो तेव्हा फरीदाबादला यायची होती, दोन बस बदलून उन्हात पोचले. सात दुकानदारांनी नुसती मान हलवली. आठव्याने पुडकं उघडून विचारलं, "मैडम, ये गाड़ी है या ज़िद?" मी म्हटलं, "दोनों." त्याने आतून तांब्याचा पत्रा आणला, जुन्यावरून आकार काढला आणि मापाने कापून दिला. घरी येऊन मी तो मुकाट्याने टेबलावर ठेवला. हे म्हणाले, "थँक यू."

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातून घर्र घर्र ऐकू आलं. मी कणीक मळायची थांबले, पण बाहेर गेले नाही. नंतर ह्यांनीच सांगितलं, पाचवा मी निम्मा घासलेला होता तो तिथून पुढे पुरा केला, मग सहावा सुरू केला. सहाव्याला बारा दिवस. सातव्याला अकरा. आठव्याला पुन्हा बारा. हाताला जेवढं येत होतं तेवढंच येत होतं, आता आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. मी समोर भाजी चिरत बसायची. काठी हातातून पडून माझ्या पायाशी आली तरी उचलायची नाही. त्या तीन व्हॉल्व्हांनी मला जेवढं दमवलं तेवढं बाळंतपणानेही दमवलं नव्हतं.

आठही झाले तेव्हा मिस्त्रीजी आले. व्हॉल्व्ह स्प्रिंगांनी आवळून, हेड उलटं ठेवून त्यांनी प्रत्येक खोलग्यात रॉकेल ओतलं. बैठक घट्ट असेल तर खाली थेंब येत नाही. आम्ही तिघं टेबलाभोवती उभे. दहा मिनिटांनी चौथ्याच्या खाली ओल दिसली.

चौथा जवळजवळ सगळा माझ्याच हातचा होता.

"बाकी सब फर्स्ट क्लास," मिस्त्रीजी म्हणाले, "ये वाला किसने किया?"

मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "मैंने. जल्दी कर दी." आणि माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. चौथा व्हॉल्व्ह ह्यांनी पुन्हा घासायला घेतला, दहा दिवस लागले. मग रॉकेलचा थेंब आला नाही.

हेड चढवून, तेल बदलून, कार्ब्युरेटर साफ करून मिस्त्रीजींनी इंजिन चालू केलं तेव्हा वर्ष भरायला महिना उरला होता. आवाज ऐकून शेजारचे गच्चीवर आले. धूर नाही, खोकला नाही. हे बॉनेटवर उजवा हात ठेवून उभे होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं भान नव्हतं. मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटांच्या रस्त्यावर काढली. तिथे त्या वेळी माणूस सोडा, गायसुद्धा नसते. हे स्टीअरिंगवर, मी डावीकडे माझ्या जागी, मिस्त्रीजी बाहेर कडेला. डावा पाय क्लच दाबण्याइतका सावरला होता. ह्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून गियरच्या मुठीवर ठेवला. बोटं मिटली. जोर लावला. मूठ हलली नाही. पुन्हा लावला. मिस्त्रीजी दुसरीकडे बघायला लागले. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते आणि समोरच्या काचेवरचा एक डाग पाहत होते. तिसऱ्यांदा हात घसरला, ह्यांनी तो पुन्हा उचलून ठेवला. कपाळावर घाम. इंजिन चालूच.

आणि समोर बघत हे म्हणाले, "अगं, जरा पहिला टाकतेस का?"

माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "मला कुठे येतो?"

"तुझ्याकडे ओढ आणि पुढे ढकल."

ह्यांनी हात मुठीवरून काढला नाही. मी त्यावरच माझा हात ठेवला, ओढला, ढकलला. गाडी हलली. मिस्त्रीजी शेजारून चालत होते, मग धावायला लागले, मग मागे राहिले.

"दुसरा," हे म्हणाले. "सरळ मागे."

मी ओढला. गियरमधून असा काही करकर आवाज आला की झाडावरचे पक्षी उडाले.

"अगं बाई, मला क्लच तरी दाबू देशील का आधी!" हे खेकसले. "घाई! सगळ्यात घाई! दोनशे वेळा सांगितलं तरी..."

चहा सांडल्यापासून पहिल्यांदाच हे माझ्यावर ओरडले होते. मला इतकं बरं वाटलं की मीही लगेच उलट ओरडले.