माणकशेठचे चावरे मासे

संवत्सरीच्या, म्हणजे जैनांच्या क्षमा मागण्याच्या दिवशी माणकशेठ माशांची क्षमा मागत. सकाळी आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून ते आपल्या साड्यांच्या दुकानात मांडलेल्या काचेच्या एकेका बरणीसमोर उभे राहत, हात जोडत आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत. मग हमालाची क्षमा मागत, समोरच्या बांगडीवाल्या चाचांची मागत, आणि जिना चढून वर येऊन माझी आणि माझ्या लेकीची, सईची. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, असा त्याचा अर्थ. सईला याचं फार हसू यायचं. मला नाही यायचं. कारण दुकानातल्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बसलेला असे, आणि त्याच्याकडे हा माणूस कधी गेला नाही. मला माणकशेठचा राग येतो. माया होती म्हणूनच एवढा येतो, नाहीतर बाजारपेठेत भावाभावांची भांडणं काय थोडी आहेत?

जुन्नरला मी शाळेत शिकवत होते तेव्हा आम्ही त्यांचे भाडेकरू. वर आमच्या दोन खोल्या, खाली दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. माणकशेठ बोलायचे आपल्या गिऱ्हाइकांसारखंच, 'लई' आणि 'न्हाई' करत. अंगाने काटकुळे, कानांवर केस आणि नाकावर राग. माशांच्या काचेवर कुणी बोटाने टकटक केली की गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला विचारत, "तुमच्या दारावर कुनी दिवसभर असं वाजवत बसलं तर चालंल का?" दोन साड्या कमी खपल्या तरी चालतील, पण टकटक चालायची नाही.

माशांचं वेड त्यांना जावयाने लावलं. वास्तूसाठी चांगली असते म्हणून त्याने दुकानाला टाकी भेट दिली, आणि आठवडाभरात तिच्यातला एक मासा बाकीच्यांची शेपटं कुरतडायला लागला. जावई म्हणाला, द्या नदीत सोडून. माणकशेठनी जावयालाच दुकानाबाहेर काढलं आणि त्या माशाला बिस्किटांच्या मोठ्या बरणीत वेगळं घर दिलं. ही गोष्ट पसरली. मग नारायणगाव, ओतूर, पार मंचरहून लोक आपापल्या घरचे चावरे मासे पिशवीत घालून आणायला लागले. शेठनी एकालाही नाही म्हटलं नाही. पुढे माशांच्या खाण्याच्या डब्यात माशांचीच भुकटी असते असं कळल्यावर तो डबाही गेला. त्या दिवसापासून जुन्नरातले सगळे गुंड मासे उकडलेले वाटाणे आणि पालक खाऊ लागले. काही चांगले रोडावले, पण जगले.

सईच्या वाढदिवसाला आम्हीही टाकी घेतली. टाकी विकणाऱ्या दुकानदाराने एकमेकांशी पटेल की नाही याचा काही विचार न करता मॉली, एंजल आणि एक निळा गुरामी असे रंग बघून मासे भरून दिले. गुरामीने कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा किल्ला बळकावला आणि एंजलच्या पंखांच्या चिंध्या केल्या. मी एंजलला काढून पातेल्यात ठेवलं. सई रडत खाली गेली आणि शेठना घेऊन आली. त्यांनी पातेलं बघितलं आणि माझ्यावरच डाफरले.

"मार खाल्लेल्याला का बाहेर काढलं, बाई? घर त्याचं न्हाई का? चावतो त्याला काढा."

गुरामी खाली बरणीत गेला. मग शेठनी बाह्या वर करून टाकीतला किल्ला इकडचा तिकडे केला, दगड फिरवले, दोन गवताच्या रोपांची आडोशाला झाडी केली. मासा वाईट नसतो, त्याला जागा आपली वाटायला लागली की तो वाईट होतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चार-पाच दिवसांनी गुरामी परत आणला. त्याच्या ओळखीचा एकही कोपरा जागेवर नव्हता. तो पाहुण्यासारखा काठाकाठाने फिरला, एंजल त्याच्या अंगावरून ऐटीत गेला, आणि तंटा मिटला. मला तेव्हा हा माणूस फार मोठा वाटला होता.

आता भावाचं सांगते. धाकट्या सोहनभाऊने दुकानाच्या अर्ध्या भागात कृषी सेवा केंद्र काढलं, बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. माणकशेठचं डोकं फिरलं. जीव मारायची बाटली आमच्या घरातून विकली जाणार नाही, म्हणून ते भर रस्त्यात ओरडले. सोहनभाऊ शांत माणूस. पण त्या दिवशी तोही बोलला.

"दादा, टमाटं पिकलं तरच तुझी साडी खपती. आन् तुझ्या पैठणीसाठी किडं उकळत न्हाईत व्हय?"

दुसऱ्या दिवशी माणकशेठनी दुकानातलं सगळं रेशीम काढून टाकलं. पैठणी नाही, शालू नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं आल्या पावली परत जायला लागली. रिकाम्या झालेल्या फळ्यांवर त्यांनी चावऱ्या माशांच्या बरण्या मांडल्या आणि दोन्ही भागांच्या मधे प्लायवूड ठोकलं. म्हणजे भावाचं म्हणणं त्यांना पटलं होतं. पटलं म्हणून तर रेशीम गेलं. मग भावाला का तोडलं? हे मला आजवर कळलेलं नाही.

एकदा मी हे तोंडावर विचारलं. गुरामीला परत घरात घेतलंत, मग सोहनभाऊला का नाही? ते साडीची घडी घालत राहिले.

"माशाला अक्कल न्हाई बाई, म्हणून त्याला माफ. सोहनला अक्कल हाये."

"माशांची माफी मागणं सोपं असतं, शेठ," मी म्हणाले. "ते उलटून बोलत नाहीत."

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संवत्सरीला मात्र नेमाने वर आले, हात जोडले, आणि मी बावळटासारखी माफ करून मोकळी झाले. दर संवत्सरीला सोहनभाऊचं दुकान अर्धं शटर ओढून असे आणि आत कपाटांवर पांढरी चादर टाकलेली दिसे. सणाचा धंदा बंद ठेवत असतील, असं मला जिन्यातून जाता-येता वाटायचं.

पुढच्या आषाढात सोहनभाऊ गेला. मढ गावाच्या बाजूला कुणाच्या तरी शेतावर टोमॅटोचा रोग बघायला गेला होता, तिथेच बांधावर छातीत कळ आली. माणकशेठनी खांदा दिला. प्लायवूड मात्र तसंच राहिलं. फवारणीचे दिवस, माल भरलेला, म्हणून सोहनभाऊची बायको कांचनवहिनी दुकानात बसू लागल्या. मी त्यांच्याजवळ बसायला जाई. एकदा बोलता बोलता त्यांनी चादरीचं सांगितलं.

त्यानंतर आलेल्या संवत्सरीला माणकशेठ नेहमीसारखे जिना चढून आले. हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्, बाई."

मी हात जोडले नाहीत. मला संताप आला होता.

"दरवर्षी आजच्या दिवशी सोहनभाऊ औषधांच्या कपाटांवर चादर टाकून बसायचे," मी म्हणाले. "आज दादा येईल, त्याला बाटल्या दिसायला नकोत, असं वहिनींना सांगायचे. संध्याकाळपर्यंत बसायचे. गिऱ्हाईक परत पाठवायचे."

शेठनी नुसतं विचारलं, "कसली चादर?"

"पांढरी. घरातली. वहिनी धुऊन द्यायच्या."

सांगायला नको होतं, असं नंतर पुष्कळांनी मला ऐकवलं. मला नाही तसं वाटत. माशांच्या शेपटांसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला हे कळायलाच हवं होतं, आणि स्वतःच्या जिवंतपणी कळायला हवं होतं.

ते कठड्याला धरून खाली उतरले. मी वरच्या पायरीवरून बघत होते. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले आणि आपल्या दाराकडे न वळता पलीकडच्या दारात शिरले. मी अर्धा जिना उतरून आत बघितलं. एक शेतकरी पिकावरच्या करपा रोगाचं औषध मागत होता. कांचनवहिनी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सोहनभाऊची खुर्ची पुढे केली. त्या वर्षी चादर टाकायची कुणाला आठवण झाली नव्हती. सगळ्या बाटल्या उघड्यावर होत्या, आणि माणकशेठ त्यांच्यासमोर हात जोडून बसले होते.