पाण्यावरच्या दयाताई

बोलता बोलता दयाताई मधेच थांबायच्या. वाक्य अर्धवट, हातातला चमचा तसाच, आणि डावा तळवा खाली फळीवर टेकवलेला. समोरच्यानेही बोलणं थांबवायचं, हा त्यांच्या घरचा नियम होता. खालून पंपाची घरघर यायची, थोडा वेळ चालायची आणि बंद पडायची. ती बंद पडली की दयाताई वाक्य तिथूनच पुढे सुरू करायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, वय झालेल्या माणसांना असते तशी ही एखादी सवय असेल. मग कळलं की बोटीच्या पोटात शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा तो पंप होता आणि आज तो कालच्यापेक्षा जास्त वेळ चालतोय का, हे त्या ऐकत होत्या.

दयाताई मेश्राम नागपूरच्या. लग्नानंतर सिंगापूरला आल्या, एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या. एवढी वर्षं इथे काढूनही त्यांची बोली नागपूरची ती नागपूरचीच राहिली. मी नुकतीच पोस्टडॉक म्हणून आले होते आणि सेंगकांगला एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेऊन राहत होते. वेसाक डेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, आपली बौद्ध मराठी मंडळी एका कोंडोच्या हॉलमध्ये जमतात, तिथे वंदना झाल्यावर जेवायला त्या माझ्या शेजारी बसल्या. साडी नीट इस्त्रीची, पण तिला डिझेलचा हलका वास. मी काय काम करते, असं त्यांनी विचारलं. समुद्राच्या पाण्यात धातू कसे खराब होतात त्यावर संशोधन करते, असं मी सांगितलं. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"मग मला एक गोष्ट पाहून सांगशील? पण इथं नाही सांगता येणार. घरी यावं लागेल."

घर कुठे आहे, मी विचारलं.

"पाण्यात," त्या म्हणाल्या.

सेम्बावांगच्या पुढे, उत्तर किनाऱ्याला, खाजगी बोटी बांधून ठेवायची एक लहानशी जुनी मरीना होती. समोर खाडीपलीकडे मलेशियाचं जोहोर दिसायचं. श्रीमंतांच्या पांढऱ्याशुभ्र बोटींच्या रांगेत शेवटी दयाताईंची जुनी, लांबट मोटरबोट बांधलेली असायची. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने वळून भिंतीला लागावं लागे. आपलं सगळं आयुष्य अशा जागेत मावण्यासाठी काय काय सोडावं लागतं, ते मला दयाताईंनी पहिल्याच दिवशी दाखवलं. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर येऊ द्यायचं नाही, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. तांदूळ-डाळी बाटल्यांमध्ये. पुस्तकं नाहीतच, चार होती त्यांना बुरशीने खाल्लं. प्यायचं पाणी टाकीत भरून घ्यायचं आणि भांडी इतक्या कमी पाण्यात घासायची की पाणी लाजेल. कपडे आणि आंघोळ जेट्टीच्या टोकाला असलेल्या न्हाणीघरात. संडासाची टाकी भरत आली की वास आधी सांगतो. आणि विजा चमकायला लागल्या की फोन, रेडिओ, जे काही असेल ते बंद ओव्हनमध्ये ठेवायचं, कारण वीज बोटीवर पडली तर लोखंडाच्या पेटीतलं तेवढं वाचतं.

"लोकांना वाटते, मस्त मजा आहे, रोज समुद्रावर," त्या म्हणाल्या. "घर माणसाला सांभाळते. बोटीला माणसानं सांभाळावं लागते. एक दिवस विसरून पाहा."

विसरणं हा शब्द त्या घरात जपून वापरला जाई. मेश्राम काका, दयाताईंचे यजमान, डेकवर बसलेले असायचे. ते जहाजावर चीफ इंजिनियर होते, मग किनाऱ्यावरच्या गोदीत मोठ्या हुद्द्यावर. उंच, ताठ, दाढी रोज केलेली. माझ्याशी अतिशय अदबीने बोलायचे आणि दर वेळी नव्याने ओळख करून घ्यायचे. निवृत्तीनंतर त्यांची स्मृती जायला लागली. सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये असताना ते सकाळी उठून कामावर निघायचे. दोनदा पोलिसांनी गोदीच्या फाटकावरून घरी आणून सोडलं. फ्लॅटमध्ये त्यांना झोप लागत नसे, इंजिनरूमचा रस्ता शोधत ते दारं उघडत बसायचे. ही बोट तेव्हा सुट्टीच्या दिवसांसाठी घेतलेली होती. एका शनिवारी दयाताई त्यांना तिथे घेऊन आल्या आणि काका सकाळपर्यंत गाढ झोपले. पुढच्या महिन्यात त्या फ्लॅट सोडून बोटीवर राहायला आल्या.

दयाताईंना मला दाखवायचं होतं ते जस्त. बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, समुद्राचं पाणी आधी जस्त खातं, त्यामुळे बाकीचे धातू वाचतात. एक ठोकळा साधारण वर्षभर पुरावा. दयाताईंनी माझ्या हातात ठेवला तो काही आठवड्यांपूर्वी बसवलेला होता. साखरेच्या खड्यासारखा विरघळून बोटाएवढा उरला होता.

"काहीतरी खाऊन राहिलं आहे आम्हाला खालून," त्या म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती, नुसती माहिती.

मी सांगितलं की आसपासच्या कुठल्यातरी बोटीतून पाण्यात वीज झिरपत असणार. ते त्यांनाही कळलं होतं. मरीनाच्या ऑफिसात त्या पुन्हा पुन्हा जाऊन आल्या होत्या, तिथे त्यांना बघतो म्हणून सांगत. बोटींचे मालक महिनोन्महिने फिरकत नसत आणि कुलपं तोडून आत जाणार कोण? मी विचारलं, तळाचे व्हॉल्व्ह कसले आहेत? पितळेचे, त्या म्हणाल्या. समुद्राचं पाणी आत घ्यायला बोटीच्या तळाला भोकं असतात आणि त्यांवर हे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. मी फळी उचलून वाकले, एका व्हॉल्व्हवरची घाण पुसली आणि चाकूने जरासं खरवडलं. पितळ पिवळं असायला हवं. हे गुलाबी होतं, आणि चाकूला ओल्या विटेसारखं लागत होतं.

खरवडून निघालेला कपचा मी लॅबमध्ये नेऊन पाहिला आणि पुढच्या रविवारी त्यांना स्पष्ट सांगितलं. पितळेतलं जस्त निघून गेलं आहे, उरलंय ते पोकळ तांबं. आकार तसाच राहतो, दिसायलाही सगळं जागच्या जागी दिसतं, पण जोर संपलेला असतो. एक दिवस कुणी हात लावला की तुटेल. वर डेकवर काका दोरी गुंडाळत बसले होते, तिकडे दयाताई बघत राहिल्या.

व्हॉल्व्ह बदलायचे तर बोट क्रेनने पाण्याबाहेर काढावी लागणार होती आणि क्रेनची पाळी यायला वेळ होता. तोवर बोटीवर राहू नका, असं मी म्हटलं. त्यांचा मुलगा अमित तर वर्षभर हेच सांगत होता. तो मरीन परेडला उंच मजल्यावर राहतो. इथेच जन्मलेला, इथल्या शाळेत शिकलेला, आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारा, पण आईबापांवर जीव असलेला मुलगा. दयाताईंनी ऐकलं. दोन पिशव्या भरून त्या काकांना घेऊन त्याच्याकडे गेल्या.

आठवडा व्हायच्या आत परत आल्या. मी रागावले. तेव्हा त्यांनी सांगितलं की संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तर काका बाल्कनीत होते, कठड्यावर एक पाय टाकून. खाली जेट्टी आहे, आपल्याला उतरायचं आहे, असं ते शांतपणे म्हणाले. दयाताईंनी मागून कंबरेला मिठी मारून त्यांना आत ओढलं.

"तिथं उंची आहे, इथं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "मला पाणी समजते. उंची नाही समजत."

पुढचे दिवस मी जमेल तेव्हा जात राहिले. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्यांनी दोरीने एक लाकडी गुडदी बांधून ठेवली होती, व्हॉल्व्ह तुटला तर भोकात ठोकायला. फळ्यांवर जड पेट्या सरकवल्या होत्या, काकांनी उचलू नयेत म्हणून. पंप आता अधूनमधून न लागता सारखाच लागायचा. जेवताना, चहा पिताना, आम्ही दोघी एकदमच गप्प व्हायचो. काका मात्र निवांत होते. घरघर ऐकून त्यांचा चेहरा खुलायचा.

क्रेन सोमवारी मिळणार होती. शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा सुमात्राकडून वादळ येत होतं. इथे ती अशीच येतात, पश्चिमेला आभाळ शाईसारखं होतं आणि मग एकदम वारा सुटतो. दयाताईंनी आमचे फोन ओव्हनमध्ये टाकले. विजा चमकत असताना उघड्या जेट्टीवरून चालणं धोक्याचं, म्हणून पाऊस ओसरेपर्यंत आतच बसायचं ठरलं. बोट दोरांना हिसके देत होती. दयाताई पुढच्या बाजूची खिडकी घट्ट करायला गेल्या, मी कपाटातून पडलेल्या बाटल्या गोळा करत होते. मागे पेटी सरकल्याचा आवाज आला.

वादळात जहाजाच्या चीफ इंजिनियरने जे करावं, तेच काका करत होते. त्यांनी पेटी बाजूला केली होती, फळी काढली होती आणि गुडघ्यांवर बसून व्हॉल्व्ह बंद करायला हात घातला होता. दयाताईंनी ते पाहिलं. "नका," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही हळू, घाबरवू नये म्हणून. काकांनी मूठ फिरवली. व्हॉल्व्ह त्यांच्या हातात आला, अख्खा.

आत आलेलं पाणी मांडीइतक्या जाडीचं वाटलं मला. दयाताई त्यात आडव्या पडल्या आणि गुडदी भोकात दाबली, पण भोकाची कडाही भुसभुशीत झाली होती, ती तुटत गेली. तरी त्यांनी दोन्ही हातांनी गुडदी धरून ठेवली. पाणी कमी झालं, थांबलं नाही. काकांना बाहेर काढ, त्या मला म्हणाल्या. मी त्यांचा दंड धरला. ते हलेनात. पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय इंजिनरूम सोडायची नसते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. हातात अजून तो व्हॉल्व्ह होता.

दयाताईंच्या हनुवटीला पाणी लागत होतं. त्यांनी मान वर केली आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, करड्या आणि शांत, म्हणाल्या, "चीफ, जेट्टीवरची वीज तोडायला माणूस नाही. तुम्ही जा."

काका लगेच उठले, व्हॉल्व्ह खिशात टाकला. पावसात, हिसके खाणाऱ्या बोटीवरून ते माझ्याआधी जेट्टीवर उतरले, खांबावरचा खटका बंद केला, बोटीला वीज देणारी केबल उपसून काढली आणि व्यवस्थित वेटोळं करून ठेवली. मग पुढच्या हुकुमाची वाट बघत ताठ उभे राहिले. मी खाली हाका मारत होते. पंप त्याच विजेवर चालत होता; इतका वेळ वादळातही ऐकू येणारी त्याची घरघर थांबली. बोट मागून खाली बसायला लागली. दयाताईंचं डोकं दारात दिसलं तेव्हा पाणी त्यांच्या कमरेवर होतं आणि तळवे सोलून निघाले होते. मी त्यांना ओढून घेतलं. काकांच्या खिशातला व्हॉल्व्ह त्यांनी काढून घेतला आणि स्वतःच्या मुठीत धरला.

पाऊस थांबला तेव्हा बोटीचं फक्त छत पाण्यावर होतं. पुढे शोध घेतल्यावर दोन बोटी सोडून एक केबल पाण्यात लोंबताना सापडली. त्या बोटीचा मालक कितीतरी दिवसांत आलाच नव्हता.

अमित धावत आला. विम्याचा माणूसही दुसऱ्या दिवशी आला. व्हॉल्व्ह कसा तुटला, हा प्रश्न दोघांनीही विचारला. मी तिथेच होते. दयाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मीच फिरवला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातनं तुटला."

"व्हाय, मा? यू न्यू," अमित म्हणाला. तो रडत होता. सगळं माहीत असून तिने बाबांचा जीव धोक्यात घातला, ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. तो आईशी नीट वागायचा, पण औषधांचा डबा, घराच्या किल्ल्या, सगळं स्वतःकडे ठेवायचा. एवढी सावध बाई, पण आता तिच्यावर कुणी चहाचा गॅससुद्धा सोपवत नसे. त्यांनी ते सगळं निमूट सोसलं.

बाल्कनीला जाळी लावली गेली. काका जाळीशी बसून राहायचे, आणि दर थोड्या वेळाने विचारायचे, पाणी किती आहे? दयाताई सांगायच्या, उतरून राहिलं. वर्ष संपायच्या आत न्यूमोनियाने ते गेले. त्यानंतर दयाताई नागपूरला बहिणीकडे कायमच्या निघाल्या. विमानतळावर अमित सामान द्यायला पुढे गेला तेव्हा मी त्यांना विचारलं, आता तरी त्याला खरं सांगू का?

त्यांनी रांगेतल्या अमितकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याच्या बापानं आयुष्यात एक जहाज बुडू नाही दिलं. अमितजवळ बापाचं एवढंच उरलं आहे गौरी. राहू दे नं."

त्यांच्याविषयी लिहावं असं मनात आलं तेव्हा मी नागपूरला फोन केला. सगळंच लिहावं लागेल, नाहीतर काहीच लिहिता येणार नाही, असं सांगितलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. कशात लिहून राहिली, त्यांनी विचारलं. मराठीत, मी म्हटलं.

"मग लिही," दयाताई म्हणाल्या. "अमितला मराठी नाही वाचता येत."