वाढलेल्या घराचा विमा

घराचा विमा कितीचा काढावा हे ठरवता ठरवता मी एकदा नांदेडच्या आमच्या घराची पूर्वेकडची भिंत पाडली आहे. त्यामुळे तुम्ही राहता तिकडे नवं घर घेतल्यावर, मुलांनो, तुम्ही हाच प्रश्न मला विचारावा, याचं मला जरा आश्चर्य वाटलं.

निजामाचं राज्य होतं आणि मी नवी सून होते. हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून घरात शिरलेलं प्रत्येक इंग्रजी अक्षर (मग ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं का असेना) माझ्यापुढे वाचायला येई. त्या साली शेजारच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गंजीला आग लागली आणि आमच्या भिंतीपाशी येऊन विझली. दुसऱ्याच दिवशी मामंजींनी, म्हणजे माझ्या वकील सासऱ्यांनी, विम्याचं मनावर घेतलं. हैदराबादचा एजंट गुरुवारी येणार होता. तोवर रक्कम ठरवायची होती. कमी सांगितली, तर आग लागल्यावर उघड्यावर बसायचं. जास्त सांगितली, तर जन्मभर हप्ते भरत बसायचं.

मामंजी म्हणाले, घर घेतलं त्या किमतीचा काढू. सासूबाई म्हणाल्या, त्यात माझी पितळी भांडी आणि तुळस धरा. मी विम्याचं माहितीपत्रक वाचून, घसा साफ करून सांगितलं की जमीन जळत नाही, ती धरायची नाही. खरेदीची किंमतही धरायची नाही. हेच घर जसंच्या तसं पुन्हा बांधायला आज किती लागेल, तेवढ्याचा विमा काढायचा. मामंजी खूश झाले. मग गवंड्यालाही तूच विचार, असं सांगून ते कामासाठी बिलोलीला गेले.

गवंड्याला काय विचारायचं, त्याची मी सासूबाईंपुढे तालीम केली. "समजा, आपलं घर पडलं," एवढं म्हणते तोच त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. सासूबाई लातूरच्या. त्यांच्या राज्यात काही फुटत नसे, तुटत नसे, विझत नसे. नारळ वाढायचा, बांगडी वाढायची, मंगळसूत्राचा दोरा वाढायचा, दिवासुद्धा वाढायचा.

"भरल्या घरात पडलं म्हणू नये," त्या म्हणाल्या. "वाढलं म्हण."

मी आज्ञाधारक होते. लोहा गावचा किशन गवंडी अंगणात आला, तेव्हा मी स्पष्ट उच्चारात विचारलं, "समजा, हे घर वाढलं, तर किती खर्च येईल?"

"किती वाढलं समजू, वैनी?"

"सगळं."

त्याने वर माळवदाकडे, आमच्या मातीच्या छपराकडे, पाहिलं. "मग हे उतरवावं लागल."

"सगळं वाढल्यावर ते कसं राहील?"

"हाव, तेबी खरं हाय. कोणत्या अंगानं धरू?"

जिनिंग पूर्वेला होतं. आग आली तर तिकडूनच येणार. "पूर्वेकडून."

"वकीलसाबांचं लई चांगलं चालून राहिलं म्हणायचं!"

मला तो टोमणा वाटला, म्हणून मी शाळेतल्या मॅडमचा आवाज काढला. "गुरुवारी साहेब यायचेत. त्याआधी झालं पाहिजे."

"सगळं न्हाई व्हायचं. पूर्वेचं तेवढं करतो."

अर्धाच हिशेब घेऊन काय करायचं, असं मनात आलं. पण काहीच नसण्यापेक्षा बरा, म्हणून मी मान डोलावली.

गुरुवारी सकाळी आम्ही सासूसुना नात्यातल्या एका बारशाला गेलो आणि परतलो, तर रस्त्यावरूनच आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. भिंत नव्हती. लोणच्याच्या बरण्या, माझी वाळत घातलेली साडी, फडताळातले डबे, सगळं येणाऱ्याजाणाऱ्यांना मोकळं. रस्त्याने जाणाऱ्या दोन बायका थांबून मिठाची बरणी चुलीपासून लांब हवी होती, असं आपसात बोलत होत्या. चुलीसमोर, पाठीवर मातीच्या गोणी घेतलेलं एक गाढव शांतपणे उभं होतं.

सासूबाई होत्या तिथेच खाली बसल्या. "सूनबाई, घर वाढलं गं."

"न्हाई, आईसाहेब," किशन अदबीने म्हणाला. "वाढायचंय अजून. आत्ता नुसतं पाडलंय."

नेमका तेव्हाच टांगा आला. मामंजी उतरले, मागून एजंट उतरला. मामंजींनी भिंतीच्या जागेकडे पाहिलं, गाढवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हे काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणाले, वाढलं. त्यांनी सासूबाईंना विचारलं. त्याही म्हणाल्या, वाढलं. किशन म्हणाला, वाढून राहिलंय, साब.

एजंटाने खिशातून काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं. "वकीलसाब, गिरे हुए घर का बीमा नहीं होता."

भिंत पाडलीच होती, तर ती थोडी पुढे सरकवून बांधू, असं किशनने मामंजींच्या गळी उतरवलं. अशी आम्हाला एक खोली जास्तीची मिळाली. विमा नसतानाही तिला सगळे विम्याची खोलीच म्हणत. पुढच्या वर्षी एजंट पुन्हा आला, त्याला तिथेच बसवलं. घर गेलं तर पुन्हा उभं करायला किती लागेल, असं त्याने विचारलं. या वेळी आकडा माझ्याकडे तयार होता. मी घसा साफ केला.

दाराआडून सासूबाईंचा हात बाहेर आला. "जळालं म्हणा, पडलं म्हणा, बुडालं म्हणा. पण हिला बोलू देऊ नका."

ती बंदी अजून कुणी उठवलेली नाही. तेव्हा विम्याचं तिकडच्याच एखाद्या जाणत्या माणसाला विचारा. खोली वाढवायची असेल, तर मात्र मला कळवा.