माझं लाल कुलूप

आमच्या पाड्यावर कुणाच्या दाराला कुलूप नाही. शेतावर जायचं असलं की दार ओढून घ्यायचं, कडीला चिंधी बांधायची, झालं. दिवाळीनंतर आई-बाबा भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, ते पार पावसाच्या तोंडावर परत यायचे, तेव्हाही दाराला तीच चिंधी. कुत्रं आत शिरू नये एवढ्यापुरती. म्हणून मी आईला फोनवर जेव्हा सांगितलं, की कंपनीत मला माझं स्वतःचं कुलूप मिळणार आहे आणि त्यासाठी मी जिवाचं रान करतेय, तेव्हा ती बिचारी गोंधळली.

"कुलूप कशाला गं? चोर हाय का तिकडं?"

"चोर नाय गं आई. तुला नाय समजायचं," म्हणत मी फोन ठेवला. बोईसरला येऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते आणि मला शिंगं फुटली होती!

पालघरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पॉवर हाऊसला लागले होते. हा कारखाना स्वतःची वीज स्वतःच करतो. पट्ट्यावरून कोळसा वर चढतो, बॉयलरमध्ये जळतो, वाफ होते आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरतं. पहिल्या दिवशी टर्बाइनशेजारी उभी राहिले तर बुटांतून पायाला थरथर लागली. आमच्याकडे जरा वारा सुटला की जाते ती वीज, आणि इथे मी तिच्या माहेरी येऊन पोचले होते. खरं सांगते, तिथेच डोळे भरून आले. शेजारचा फिटर म्हणाला, "कोळसा गेला का डोळ्यांत?" मी म्हटलं, हो.

सहा महिने कच्ची नोकरी. त्यानंतर ठेवायचं की घरी पाठवायचं, ते आमचे शिफ्ट इनचार्ज साहेब ठरवणार. साहेब सांगलीकडचे, आवाज असा की टर्बाइन चालू असतानाही ऐकू यायचा. माझं मात्र घरी बोलणं झालं होतं. मी कायम झाले, तर यंदा आई-बाबांनी भट्टीवर जायचं नाही. आईची कंबर पार गेली होती, तरी ती म्हणायची, "बगू, तुजा काय ते पक्का होऊ दे आदी."

आता कुलपाचं सांगते. कुठलंही मशीन दुरुस्तीला काढलं की पॅनेलरूममध्ये त्याचा स्विच बंद करायचा आणि त्या स्विचलाच कुलूप घालायचं. म्हणजे माणूस मशीनच्या पोटात असताना दुसऱ्या कुणी ते चालू करू नये. ठेकेदाराच्या माणसांना स्वतःचं कुलूप नसे. त्यांच्यासाठी इलेक्ट्रिशियनचं कुलूप लागायचं आणि किल्ली त्याच्याच खिशात राहायची. आत गेलेला प्रत्येक माणूस बाहेर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मगच कुलूप काढायचं, हा नियम भिंतीवर मराठीत आणि हिंदीत रंगवलेला होता. प्रत्यक्षात काय व्हायचं? कुणीतरी ओरडायचं, "सब आ गये?" कुणीतरी म्हणायचं, "आ गये!" आणि कुलूप निघायचं.

साहेबांनी मला अख्ख्या पॉवर हाऊसमधून फिरवलं, जिन्यावर, पॅनेलपुढे, जिथे सापडेन तिथे प्रश्न विचारले, आणि एका दुपारी ड्रॉवरमधून लाल कुलूप काढून टेबलावर ठेवलं. त्यावर माझा फोटो चिकटवलेला. "हे आता तुझं. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. मी मागितलं तरी नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सरावलीला मी भाड्याने राहायचे त्या खोलीवर मैत्रिणींना किल्ली दाखवली, तर एक म्हणाली, "सोन्याची आहे की काय?" मी ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यातच घातली. हसा म्हटलं, खुशाल हसा.

आणि लगेचच ते झालं. कोळशाच्या पट्ट्याखालचा पत्रा फाटला होता. ठेकेदाराचे चार जण वेल्डिंगला आत उतरले. त्यांच्यात एक म्हातारे वेल्डर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. कुलूप माझं. काम अपेक्षेपेक्षा लांबलं, वर बॉयलरचा कोळसा संपत आला, वाफ उतरायला लागली. शेवटी खालून आवाज आला, "हो गया!" मी धावत खाली गेले. बघते तर तिघेच, हातपाय झटकत उभे.

"चाचा कुठायत?"

"आ गये होंगे."

"होंगे म्हणजे? कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. मी वाकून आत हाका मारल्या. आत काळोख आणि धूळ, उत्तर नाही. तेवढ्यात साहेब येऊन थडकले. "मॅडम, पट्टा चालू करायचाय, आरती नाही ओवाळायची. काढा कुलूप!"

डोळ्यांपुढे आईची कंबर आली, भट्टी आली. पण माझा स्वभाव मुळात खट. भीती वाटली की मला रागच येतो. मी किल्ली मुठीत धरली आणि म्हटलं, "चाचा दिसल्याशिवाय नाही काढणार. तुम्हीच सांगितलंय, तुम्ही मागितलं तरी द्यायचं नाही."

साहेबांनी असे डोळे वटारले की बाकीचे दोन पावलं मागे सरकले. मग ते त्यांच्यावरच खेकसले, "शोधा म्हाताऱ्याला!" माणसं शोधायला पळाली. एकजण टॉर्च घेऊन आत शिरला आणि काळाठिक्कर होऊन रिकामा परत आला. तोवर वाफ इतकी उतरली की टर्बाइन थांबवावं लागलं. पायाखालची ती थरथर बंद झाली. एवढं मोठं पॉवर हाऊस मुकं झालं, आणि ते मी केलं होतं.

आणि चाचा? ते गेटाबाहेरच्या टपरीवर निवांत चहात बिस्किट बुडवत बसले होते! मागच्या शिडीने कधीच बाहेर पडले होते.

कपाळाला हात लावायलाही माझ्यात जीव उरला नव्हता. मी कुलूप काढलं. संध्याकाळपर्यंत माझं नाव पडलं, कुलूपवाली. कॅन्टीनमध्ये भाताच्या भांड्यापाशीसुद्धा कुणीतरी विचारलं, "काढू का झाकण, मॅडम? सगळी शितं बाहेर आली का?" साहेब माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. त्या रविवारी मैत्रिणी चिंचणीच्या किनाऱ्यावर गेल्या, मी खोलीत पडून राहिले. आपण बरोबर होतो हे पक्कं ठाऊक होतं. पण नोकरी गेली तर आईला कळवायचं कसं?

पुढच्याच आठवड्यात बॉयलरमधली राख ओढणारा पंखा बिघडला. तेच चौघे आले. त्या दिवशी पॅनेलरूममध्ये दुसरा, जुना इलेक्ट्रिशियन होता, मी नुसती त्याच्या मदतीला. त्याने स्विच बंद केला, आपलं कुलूप लावलं आणि हाक दिली, "जा आत."

कुणी हललं नाही. चाचा हाताची घडी घालून दारातच उभे.

साहेब करवादले, "आता काय मुहूर्त बघताय?"

चाचा शांतपणे म्हणाले, "साहब, पहले मॅडम का ताला लगवाओ. फिर जाएंगे."

"अरे लागलंय की कुलूप!"

"वो नहीं. मॅडम का." बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. त्यातलाच एक मला कुलूपवाली म्हणण्यात सगळ्यांत पुढे होता.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "ऐकलंस ना? मग उभी काय राहिलीस? लाव." मी पुढे होऊन कुलूप लावलं. मान, देवाशप्पथ, ताठ होती. शिफ्ट सुटताना साहेब जाता जाता म्हणाले, "सहा महिने भरले की तुला कायम करतोय. वर सांगितलंय तसं." एवढंच, आणि हेल्मेट काखेत मारून चालते झाले.

त्या शनिवारी मी घरी गेले. या वेळी आईला सगळं नीट समजावलं, स्विच, कुलूप, चाचा, टपरी, सगळं. चाचांच्या बिस्किटाचं ऐकून बाबा खो खो हसले. आई हसली नाही. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आमाला भट्टीवर कोणी इचारला नाय कदी," ती म्हणाली, "सगले आले का म्हनून."

मग तिने हात पुढे केला. मी गळ्यातली किल्ली काढून दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली, पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली आणि पाण्याला गेली. विहिरीवर जी भेटेल तिला गाठ सोडून दाखवत होती. सोमवारी पहाटे मी निघाले, तेव्हा कुठे ती किल्ली मला परत मिळाली.