दुसऱ्यांदा शून्य

नोएडातल्या कंपनीत हेमलताचं काम काटछाटीचं. कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. त्यात छोट्या प्रोग्रॅमचं ऐनवेळी मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा एक कंपायलर असतो. तो बिचारा घाईत असतो, एकच सूचना दोनदा लिहून मोकळा होतो. रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला आकडा ठेवायचा कप्पा, एकदा शून्य केलं, लगेच पुन्हा शून्य. अशा फुकटच्या सूचना हुडकायच्या आणि उडवायच्या. वर्षानुवर्षं हेच करून तिला आता घरातही दोनदा केलेलं काही बघवत नसे. दमलेला माणूस ऑफिस असं घरी घेऊन येतो.

आणि घरात सासरे होते, नाना. सगळी नोकरी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेले, सासूबाई गेल्यावर इथे अकराव्या मजल्यावर आलेले. बाहेर पडताना दारातून परत फिरून गॅस बघून यायचे, सुनेनं बंद केलेला असला तरी. गेल्या आठवड्यात ती वैतागून म्हणाली, मी बघते ना नाना, तुम्ही कशाला पुन्हा? नाना 'अच्छा' म्हणाले आणि त्यानंतर स्वयंपाकघराकडे फिरकले नाहीत. तिला बरंच वाटलं होतं.

आज सकाळी मंद आचेवर दूध असतानाच ऑफिसचा फोन आला. तिनं काल दुसऱ्यांदा शून्य करणारी एक सूचना उडवली होती, त्यामुळे टेस्ट कोसळली होती. बोलता बोलताच ती पर्स उचलून कॅबमध्ये बसली. दुपारपर्यंत डोळे फोडल्यावर चूक सापडली. प्रोग्रॅमची एक वाट पहिली सूचना ओलांडून थेट दुसरीवर उडी मारत होती. त्या वाटेनं रजिस्टर शून्य करणारं दुसरं कुणीच नव्हतं. तिनं ती सूचना मुकाट्यानं परत ठेवली.

संध्याकाळी दार उघडलं तर जळका वास. सकाळी तिच्या मागोमाग नानाही खालच्या बागेत गेले होते, परतले तेव्हा घर धुरानं भरलं होतं. गॅस त्यांनीच बंद केला. आता काळंठिक्कर पातेलं घासत बसले होते, जणू चूक त्यांचीच.

"तू बंद केला असशील म्हणून बघितला नाही," ते म्हणाले. "या घरात माझं तेवढंच काम होतं, अगं."

हेमलताला रडू आलं, पण रडायचंही त्राण नव्हतं. तिनं त्यांच्या हातून पातेलं घेतलं, आणि दुसऱ्या भांड्यात चहा टाकला.

चहानंतर दोघं भाजी आणायला निघाले. तिनं गॅस बंद केला, बटण नीट पाहिलं, आणि दारात थांबली.

"नाना, गॅस बघून या."

"तू बघितलास ना?"

"बघितलाय. तुम्ही बघून या."

नाना पायातल्या चपला काढून आत गेले.