झाडलोट म्हणजे वॉर्मअप नव्हे

आज सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. परभणीतल्या आमच्या जिममध्ये ट्रेनरने बायकांच्या बॅचला थेट वजनं लावलेला रॉड उचलायला सांगितला.

मी म्हणाले, "आधी रिकामा रॉड दे, मग वजन वाढव."

"काकू, तुमी घर झाडूनपुसून आलात ना? झाला की वॉर्मअप! साडेसहाला पोरांची बॅच हाय."

"मग पोरांच्या हातीही आधी झाडू दे!"

तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने, सुमनताईंनी, भिडेखातर रॉड उचलला आणि त्या खांदा धरून खाली बसल्या. हात वर जात नाही म्हणून दुपारी त्यांची वेणी मी घालून दिली.

मैत्रिणींनो, आपल्या बॅचला वॉर्मअपची दहा मिनिटं का मिळत नाहीत? जिमच्या मालकांनी शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर द्यावं. "बघतो" हे उत्तर मी ग्राह्य धरणार नाही.