नट-बोल्टांचं देऊळ

आमच्या वस्तीवरचं देऊळ नट-बोल्टांवर उभं आहे. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही कॅथलिक, पण घरात तोंडी शब्द देऊळच. कारखान्याच्या जुन्या गोदामाचे पत्रे, लोखंडी अँगल आणि ते सगळं धरून ठेवणारे बोटभर लांबीचे बोल्ट. कधीही खोलता यावेत म्हणून शांतवन पठारे, म्हणजे आमचे शांतूआण्णा, दर वर्षी नाताळच्या आधी शिडीवर चढून त्यांना तेल देत आले. गेल्या नोव्हेंबरात ते देऊळ खरंच खोलून न्यायला नगरहून टेम्पो आला. त्या सकाळची गोष्ट सांगायची आहे, पण देवळाला नट-बोल्ट कशाला, हे तुम्ही आधी विचाराल. विचारायलाच हवं म्हणा.

बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या देवखेड्यातून काही ख्रिस्ती घरं बैलगाड्या जुंपून निघाली आणि नातेपुत्याच्या पुढे कालव्याकडेला उतरली. कालव्याला पाणी होतं आणि उसाला माणसं हवी होती. आण्णांचे वडील याकोबबाबा या घरांचे पुढारी. पाऊस पडला की परत जायचं, असं ठरलेलं होतं. पाऊस पडला, पण कोणी गेलं नाही. कोणाच्या वाट्याचा ऊस उभा होता, कोणाची म्हैस गाभण होती, कोणाचं पोर नुकतंच शाळेत बसलं होतं. आधी मजुरी, मग वाट्याने शेती, मग स्वतःचा तुकडा. तरी 'आम्ही काय, पाहुणे' ही भाषा सुटली नाही. आसपासच्या गावांनीही आमचं नाव नगरकरांची वस्ती ठेवून दिलं. मी जन्मले इथे, 'हितं-तितं' करत वाढले, नगरच्या पाहुण्यांनी माझ्या बोलण्यावर पोट धरून हसून घेतलं, तरी मी नगरकरच. आता सोलापुरात शाळेत शिकवते, तिथेही कोणी गाव विचारलं की मी क्षणभर अडखळते.

तर देऊळ बांधायची वेळ आली तेव्हा याकोबबाबा नातेपुत्याच्या अजिनाथ लोहाराला म्हणाले, "वेल्डिंग नको. बोल्ट मार. परत जाताना सोबत न्यायचंय."

"देऊळ करताय का जत्रंतला पाळणा?" अजिनाथने विचारलं.

बाबा हसले नाहीत. हसणं त्यांना फारसं जमतच नसे. अजिनाथने मुकाट्याने बोल्ट मारले.

तेव्हापासून आमचा एक रिवाज पडला. नाताळच्या आधीचा आगमनकाळ सुरू व्हायचा, त्याच्या आदल्या शनिवारी विहिरीवरच्या इंजिनाचं काळं तेल बुधलीत भरायचं आणि शिडी लावून नटानटाला घालायचं. बाकी सगळी वस्ती खाली उभी. तेल झालं की वरचा माणूस शिडीवरूनच म्हणायचा, "यंदा ऱ्हाऊ." आणि खालच्यांनी उत्तर द्यायचं, "म्होरल्या साली जाऊ." मग भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातेलंभर कालवण. त्याआधी नाताळच्या गोठ्याची काडीसुद्धा कोणी हलवायची नाही. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्या कॅथलिकांची देवळं तेलावरच चालतात.

मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, अर्पायला फादर लांबून यायचे, मोटरसायकलवर, महिन्यातून एकदा. एरवीच्या रविवारी प्रार्थना याकोबबाबा घेत आणि त्यांच्यानंतर शांतूआण्णा. आण्णांचा आवाज असा की गीत एका सुरात सुरू व्हायचं आणि संपायचं भलत्याच. मग बायकांच्या बाजूने मार्थाकाकू, त्यांची बायको, खाकरायची. आण्णा थांबायचे आणि निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून. आम्हा पोरांना प्रार्थनेपेक्षा त्या खाकरण्याची जास्त वाट असायची. काय दिवस होते ते. पत्रा उन्हाने तापायचा, डोकी भाजायची आणि दाराशी काकूने लावलेल्या झेंडूचा वास सगळ्या प्रार्थनेभर यायचा. आता मोठ्या चर्चमध्ये पंख्याखाली बसते, पण तो वास काही येत नाही.

आमच्याकडे कोणी गेलं की त्याला मातीसाठी देवखेड्याला नेत. जीप करायची, बर्फ घालायचा, नाहीतर रात्रीतून पळवायचं, पण न्यायचंच. याकोबबाबांनाही तसंच नेलं. जाण्याआधी त्यांनी आण्णांचा हात धरून शब्द घेतला, "तेल सोडू नको." आण्णांनी दिला.

मार्थाकाकू मात्र याच वस्तीवर जन्मलेली. देवखेडं तिने लग्नाकार्यापुरतं पाहिलेलं. काविळीने अंथरुणाला खिळली तेव्हा ती आण्णांना म्हणाली, "मला हितंच ठिवा. तितं मला कोण वळखतंय?"

पण ठेवायचं कुठे? स्मशान नावाची गोष्ट आम्ही केलीच नव्हती. परत जाणाऱ्या माणसांना ती कशाला हवी? तेव्हा शेजारचा बिरुदेव धनगर आला. देवळामागचा माळ त्याचा. त्यातला एक कोपरा त्याने काठीने आखून दिला आणि म्हणाला, "माजी मेंढरं हितंच बसत्यात. वैनीला सोबत हुईल." आमच्या वस्तीतलं पहिलं थडगं ते. काकूनंतर कोणालाच नगरला नेलं नाही. मला विचाराल तर आमचा धर्मग्राम, म्हणजे एका देवळाची मंडळी, देवळामुळे नाही, त्या थडग्यामुळे झाला, पण असं बोललं की फादर माझ्याकडे चष्म्यावरून बघतात.

वर्षं गेली. पोरं पुण्याला, चिंचवडला नोकरीला लागली, घरांना कुलपं पडली. वस्तीवर चारपाच चुली उरल्या. आण्णा मात्र दर शनिवारी देऊळ झाडत आणि दर वर्षी बुधली घेऊन शिडीवर चढत.

आणि मग सायमनचा फोन आला. सायमन म्हणजे आण्णांच्या थोरल्या भावाचा मुलगा. हा भाऊ नगरकडे धरणाचं पाणी आल्यावर परत गेला होता. सायमन आता तिकडे बांधकामं घेतो. देवखेड्याच्या नव्या चर्चच्या अंगणात आपलं पत्र्याचं देऊळ जसंच्या तसं उभं करायचं, असं तिकडच्या लोकांनी ठरवलं होतं. "आजोबांची इच्छा पुरी होईल, काका. तिकडं हजार माणूस बघंल. इथं आता आहे कोण?"

आण्णा म्हणाले, "बघा की."

'बघा की' म्हणे. मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आण्णांना फोन लावला, "तुमी न्हाय म्हणा."

"कसं म्हणू, पूनम? बाबाला शबूद दिलाय. न्यायलाच तर बांधलं हुतं."

मी फोन ठेवला. मी सोलापूरहून पहिली एसटी धरली.

सायमनने दिवसही हुशारीने निवडला होता, तेलाचा शनिवार. तेल घातलं की ताजेताजे नट सुटतील, असा हिशेब. टेम्पो झेंडूपर्यंत आणून लावला. आण्णा दर वर्षीसारखे धोतर खोचून शिडीवर चढले. एका कडेने सुरू करून सगळ्या नटांवरून बुधली फिरवली. उतरले. त्या दिवशी 'यंदा ऱ्हाऊ' काही म्हणाले नाहीत, कसं म्हणणार? मी मनातल्या मनात सायमनला शिव्या देत होते आणि चहाही देत होते.

सायमनच्या माणसाने पाना लावला. नट हलेना. दुसऱ्याला लावला, तोही हलेना. पान्याला पाइप घालून दोघे लोंबकळले. पाना सटकला आणि एकाची बोटं सोलवटली. चारी कोपऱ्यांना हेच. सगळे नट गंजून बोल्टांशी एकजीव झालेले.

"काका, तेल घातलंत ना आत्ता?" सायमन म्हणाला.

आण्णा पायरीवर बसले होते. बुधली त्यांच्या शेजारी होती. मी ती उचलली आणि उलटी केली. थेंब पडला नाही. आत बोट घातलं तर कोळ्याची जाळी हाताला आली.

"आण्णा, ही तर कोरडी हाय."

"व्हय," आण्णा म्हणाले.

"कवापासनं?"

त्यांनी देवळामागे, थडग्यांकडे पाहिलं. "तिला हितं ठिवली त्या सालापासनं. तवा वर चढलो, बुधली पयल्या नटाला लावली, अन् वरनं तिची माती दिसली. वलीच हुती अजून. हात उचलंना. म्हटलं, आमी देऊळ घिऊन गेलो तर हिनं मिस्सा कुटं ऐकायची?"

"मग दर वर्षी चढत होता कशाला?" सायमनचा आवाज चढला होता.

"बाबाला शबूद दिल्याला. अन् खाली समदी माणसं हुबी असायची की. नुसता हात फिरवायचो. लई लाज वाटायची, पर तेल काय घातलं न्हाय."

सोललेल्या बोटांचा माणूस हळूच म्हणाला, "साहेब, नातेपुत्यात गॅस कटर मिळंल."

सायमनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याचे आईबाप नगरला परतले तेव्हा तो वर्षभर इथेच राहिला होता, मार्थाकाकूच्या हातचं खाऊन. त्याने चपला काढल्या आणि देवळामागे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. पाना त्याने टेम्पोत टाकला आणि आण्णांशेजारी बसला. "भाकरी आहे का काका? आजच्या दिवशी असते ना?"

भाकरी होती. कालवणही होतं. टेम्पो एवढ्या लांबून रिकामा कसा जाऊ द्यायचा, म्हणून बिरुदेवने त्यात लेंडीखताची पोती चढवली. देवखेड्याच्या चर्चच्या अंगणात या वर्षी गुलाब फार छान आलेत म्हणे.

टेम्पो गेल्यावर आण्णांनी माझ्याकडून नातेपुत्याहून रंगाचा डबा आणि ब्रश मागवला. दुसऱ्या दिवशी, प्रार्थना झाल्यावर, ते पुन्हा शिडीवर चढले आणि एकेका नटावर जाड थर देऊ लागले, पुन्हा कधी पाना बसू नये असा. आम्ही चारपाच घरांची माणसं खाली उभी. बिरुदेवही काठी टेकून उभा होता. शेवटच्या नटाला रंग देऊन आण्णा वरूनच म्हणाले, "यंदा ऱ्हाऊ."

आम्ही तोंडं उघडली आणि तशीच मिटली. पुढचं कोणाच्याने म्हणवेना.

मग बिरुदेव, ज्याचा आमच्या प्रार्थनेशी कधी संबंध आला नाही, तो खालून म्हणाला, "म्होरल्या सालीबी ऱ्हावा की."